संगणकाची निवड

बैल विकत घेणारा शेतकरी त्याचे दात पाहतो, त्याला चार पावले चालवून पाहतो, मानेवर जू ठेवून पाहतो आणि मगच कनवटीचे पैसे सोडतो. बाजारात मडके घेणारी गृहिणी ते बोटाने वाजवून पाहते. नाद बद्द आला तर ते खाली ठेवते. वस्तू पारखून घ्यावी, हा शहाणपणा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. परंतु अलीकडे घरोघरी अशी एक वस्तू येऊ लागली आहे, की जिचे दात मोजता येत नाहीत आणि जिला वाजवूनही पाहता येत नाही. ती वस्तू म्हणजे संगणक. तिची पारख कशी करावी, हा या पाठाचा विषय आहे.

संगणक घरातील मेजावर मावेल, अशी कल्पनाही एके काळी कोणास नव्हती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण अभियंत्यांच्या एका गटाने १९५० नंतरच्या दशकात संगणक बांधण्याचे काम हाती घेतले. १९६० मध्ये ते यंत्र पूर्ण झाले आणि १९६२ मध्ये पंडित जवाहरलाल नेहरू यांनी त्यास ‘टिफ्रॅक’ असे नाव दिले. भारतात घडविलेल्या अगदी पहिल्या संगणकांत त्याची गणना होते. ते खोलीभर पसरलेले यंत्र होते आणि त्यात काचेच्या हजारो निर्वात नलिका होत्या. एवढे असूनही त्याच्या स्मृतीत प्रत्येकी ४० अंकी असे केवळ २०४८ शब्द मावत. आणि ते अंकही शून्य व एक एवढेच. आजच्या घरगुती संगणकात ८ गिगाबाइट स्मृती असणे ही सामान्य गोष्ट आहे. ती टिफ्रॅकच्या स्मृतीच्या आठ लाख पटींहून अधिक भरते! यंत्र लहान झाले आणि सामर्थ्य वाढले. पण त्याबरोबर निवड करणेही अवघड झाले. टिफ्रॅकच्या काळी निवडण्याजोगे काही नव्हतेच. आज दुकानात पाऊल टाकताच दहा यंत्रे समोर उभी राहतात आणि प्रत्येक यंत्र सर्वोत्तम असल्याचे सांगितले जाते.

निवड करण्यापूर्वी संगणकाची अंगे ओळखली पाहिजेत. त्यातील प्रक्रियक, म्हणजे प्रोसेसर, हा प्रत्यक्ष काम करणारा कारागीर होय. स्मृती, म्हणजे रॅम, हे त्या कारागिराचे मेज. मेज जितके मोठे, तितकी अधिक कामे एकाच वेळी पसरून ठेवता येतात. मात्र वीज गेली, की मेज स्वच्छ पुसले जाते. कायमची साठवण करणारी तबकडी, म्हणजे हार्ड डिस्क, हे कपाट होय. वीज गेली तरी त्यातील वस्तू जागच्या जागी राहते. जुन्या कपाटात चकती फिरत असे. नव्या प्रकारच्या कपाटात, ज्यास एसएसडी म्हणतात, काहीच फिरत नाही. म्हणून ते कितीतरी वेगाने उघडते व हादऱ्यांनी सहसा बिघडत नाही.

पण कारागीर, मेज आणि कपाट एकत्र ठेवल्याने कारखाना चालत नाही. त्यावर देखरेख लागते. ही देखरेख करणाऱ्या योजनेस कार्यप्रणाली किंवा ऑपरेटिंग सिस्टिम असे म्हणतात. बोईसरच्या रेल्वे स्थानकावर क्षणभर उभे राहिल्यास तिचे कार्य सहज ध्यानात येते. मुंबईहून गुजरातकडे धावणाऱ्या जलद गाड्या, डहाणू रोडपर्यंत जाणाऱ्या लोकल आणि लांबच लांब मालगाड्या याच मार्गाने जातात. कोणती गाडी पुढे सोडावयाची, कोणती बाजूच्या रुळावर थांबवावयाची, कोणास कोणता फलाट द्यावयाचा, हे ठरविणारी व्यवस्था प्रवाशांना क्वचितच दिसते. पण ती तासभर थांबली तर सारी वाहतूक ठप्प होईल. संगणकात पत्र लिहिणे, चित्र पाहणे, हिशेब करणे, छपाई करणे अशा अनेक गाड्या एकाच वेळी धावत असतात. त्यांची टक्कर होऊ न देता प्रत्येकीस वाट करून देणे, हे कार्यप्रणालीचे काम होय.

कार्यप्रणाली अनेक आहेत. १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी ‘युनिक्स’ नावाच्या प्रणालीचा पाया घातला. १९८५ मध्ये मायक्रोसॉफ्ट या कंपनीने ‘विंडोज’ बाजारात आणली. आज बहुसंख्य घरगुती संगणकांवर तीच दिसते आणि बहुतेक कार्यक्रम तिच्यासाठी तयार होतात. ॲपल कंपनीची प्रणाली त्या कंपनीच्याच यंत्रांसाठी असते. ती यंत्रे सुबक व टिकाऊ, पण महाग असतात. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने ‘लिनक्स’चा गाभा लिहिला आणि तो सर्वांसाठी खुला केला. जगभरच्या लोकांनी त्यात भर घातली. ज्याला वाटेल त्याने ती प्रणाली घ्यावी, वापरावी, तपासावी, सुधारावी आणि दुसऱ्यास द्यावी, अशी तिची रीत आहे. भारतातील सी-डॅक या संस्थेने याच लिनक्सच्या आधारे ‘बॉस’ नावाची प्रणाली तयार केली असून तीत भारतीय भाषांची सोय आहे.

यांपैकी कोणती निवडावी? या प्रश्नाचे उत्तर शोधताना पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील एक मोठा इतिहास उपयोगी पडतो. ज्या १९६९ साली युनिक्सचा आरंभ झाला, त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात तारापूरचे अणुविद्युत्‌केंद्र सुरू झाले. भारतातील हे पहिले अणुविद्युत्‌केंद्र होय. त्याच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकन कंपनीने उभारून दिल्या. त्या भट्ट्यांना समृद्ध केलेले युरेनियम हे इंधन लागे आणि १९६३ च्या करारानुसार ते अमेरिकेतून येत असे. भट्टी एकदा बांधली, की काम संपले असे नव्हते. इंधन वर्षानुवर्षे मिळत राहिले पाहिजे. पुढे १९७४ मध्ये भारताने पोखरण येथे अणुस्फोटाची चाचणी केली. त्यानंतर परिस्थिती पालटली. इंधनाच्या पुरवठ्यात अडथळे येऊ लागले. १९७८ मध्ये अमेरिकेने नवा कायदा केला आणि जुन्या कराराप्रमाणे इंधन देणे तिला कठीण होऊन बसले. अखेर १९८२ मध्ये वाटाघाटींतून फ्रान्सने इंधन पुरवावे असा मार्ग निघाला. यंत्र भारताच्या भूमीवर होते, ते चालविणारे हात भारतीय होते. तरीही दूरदेशीच्या एका निर्णयाने त्याची चिंता वाहावी लागली.

तारापूरच्याच आवारात पुढे तिसरी व चौथी भट्टी उभी राहिली. त्या प्रत्येकी ५४० मेगावॉट क्षमतेच्या असून २००५ व २००६ मध्ये सुरू झाल्या. त्यांची रचना भारतीय अभियंत्यांनी केली. त्यांना समृद्ध न केलेले, नैसर्गिक युरेनियम चालते. परंतु त्यांना जड पाणी लागते आणि ते देशात तयार करण्याची विद्या आत्मसात करण्यासाठी शास्त्रज्ञांना दीर्घकाळ खपावे लागले. तात्पर्य, परावलंबनाची जशी किंमत असते, तशी स्वावलंबनाचीही असते. पहिली पुढे कधी तरी अवचित मोजावी लागते; दुसरी आधीच, शिकण्याच्या श्रमांच्या रूपाने मोजावी लागते.

संगणकालाही असेच एक इंधन लागते. त्यास अद्यतन किंवा अपडेट म्हणतात. कार्यप्रणालीत काही ना काही उणिवा राहून जातात. दुष्ट हेतूचे लोक त्या फटींतून आत शिरतात, खाजगी कागद पाहतात, बँकेचे व्यवहार चोरतात. प्रणाली तयार करणारे लोक त्या फटी वेळोवेळी बुजवितात. बुजविणे थांबले, की यंत्र वरून धडधाकट दिसले तरी आतून उघडे पडते. विंडोज १० ही प्रणाली २०१५ मध्ये आली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिचा नित्याचा पाठिंबा संपला. काही अटींवर एका वर्षाची वाढीव मुदत तेवढी देण्यात आली. तिच्या जागी आलेल्या विंडोज ११ ला किमान ४ गिगाबाइट स्मृती, ६४ गिगाबाइट साठवण आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा-योजना लागते. शिवाय प्रक्रियकही बऱ्यापैकी नवा असावा लागतो. त्यामुळे चालू स्थितीतील असंख्य जुने संगणक तिच्या दाराबाहेर राहिले. म्हणून संगणक घेताना ‘आज तो किती वेगाने चालतो’ एवढेच विचारून भागत नाही. ‘याला अद्यतने किती वर्षे मिळतील आणि ती थांबल्यावर पुढे कोणता मार्ग आहे’ हेही विचारले पाहिजे.

आता समजा, बोईसरमधील एका कुटुंबापुढे हाच प्रश्न उभा राहिला आहे. वडील तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात पाळीने काम करतात. वरच्या जागेसाठी यंत्रचित्रे काढण्याचा अभ्यासक्रम पुरा करावा, अशी त्यांची इच्छा आहे. आई महिला बचत गटाचा हिशेब ठेवते. आजोबा पालघरच्या जुन्या आठवणी मराठीत लिहीत आहेत. मुलगी सातवीत शिकते. घरात २०१६ मध्ये घेतलेला संगणक आहे. तो हल्ली सुरू व्हायलाच पाच-पाच मिनिटे घेतो आणि त्यावर विंडोज १० आहे. दोन वर्षे काटकसर करून थोडे पैसे बाजूस ठेवलेले आहेत. परंतु अभ्यासक्रमाची फीही त्यांतूनच भरावयाची आहे. अशा घरात पुढीलप्रमाणे बोलणे होईल.

“बाबा, शेजारच्या दादाने घेतला तसाच संगणक आपण घेऊ या,” मुलगी म्हणाली. “त्याचा पडदा केवढा मोठा आहे! आणि कीबोर्डवर रंगीत दिवेसुद्धा लागतात.”

“अगं, दिव्यांच्या उजेडात अक्षर सुधारत असते तर काय हवे होते!” आजोबा हसून म्हणाले. “दादा त्यावर खेळ खेळतो. आपल्याकडे त्यावर काय काय होणार, ते तर ठरू दे.”

आई म्हणाली, “मामंजी म्हणतात ते खरे. आधी कामांची यादी करू. यंत्राचा विचार मागाहून.”

यादी झाली. आईचा हिशेब कोष्टकांत असतो. तो लिबरऑफिस या विनामूल्य कार्यक्रमात मांडता येतो. आजोबांना मराठी लिहिता आले म्हणजे पुरे. मुलीला शाळेचे प्रकल्प करावयाचे होते आणि संगणकाला आज्ञा देण्याची भाषा शिकावयाची होती. ही सारी कामे कोणत्याही प्रणालीवर होण्याजोगी होती. केवळ वडिलांचा यंत्रचित्रांचा कार्यक्रम विंडोजवाचून चालत नव्हता, आणि त्यास बलवान यंत्रही लागत होते.

“म्हणजे चार जणांपैकी तिघांना नवे यंत्र नकोच आहे,” वडील विचारपूर्वक म्हणाले. “आणि माझे म्हणाल, अण्णा, तर अभ्यासक्रम शिकविणाऱ्या संस्थेत तशी यंत्रे आहेत. साप्ताहिक सुटीच्या दिवशी तेथे बसून सराव करता येईल. परीक्षा झाल्यावर नेमके काय लागते, हेही मला अधिक चांगले कळेल.”

मुलीचा चेहरा उतरला. आजोबांनी तिला जवळ बोलाविले. “नवे यंत्र आणले असते, तर ते दुकानदाराने चालू करून दिले असते आणि आपण नुसते पाहिले असते,” ते म्हणाले. “हे जुने यंत्र तू स्वतः उभे कर. मी तुझ्या शेजारी बसतो.”

मग काम सुरू झाले. प्रथम घरातील सर्व कागदपत्रांची व छायाचित्रांची प्रत एका वेगळ्या साठवण-तबकडीवर काढून ठेवली. कारण नवी प्रणाली बसविताना जुने कपाट पुसले जाते. नंतर लिनक्सची एक प्रत पेनड्राइव्हवर उतरविली. या प्रणालीचा एक गुण असा, की तिच्या बहुतेक प्रकारांत ती कपाटात न बसवताच पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते. बैलाला चार पावले चालवून पाहण्यासारखेच हे झाले! पडदा, ध्वनी, इंटरनेट सारे चालले. छपाईयंत्र मात्र रुसले. ते चालू करण्यास दोन संध्याकाळी गेल्या. जुन्या फिरत्या तबकडीच्या जागी एसएसडी बसविली आणि स्मृती ४ गिगाबाइटवरून ८ गिगाबाइट केली. पाच मिनिटे घेणारा संगणक आता मिनिटभराच्या आतच तयार होऊ लागला. आजोबांना मात्र सवयीची बटणे नव्या जागी सापडेनात. चार-पाच दिवस ते मुलीला हाका मारीत होते. पुढे हाका थांबल्या. साठविलेल्या पैशांतील मोठा भाग शिल्लक राहिला आणि वडिलांची फी वेळेवर भरली गेली.

या कुटुंबाने जे केले तेच प्रत्येकाने करावे, असे मुळीच नाही. घरात संगणक नसेलच, किंवा असलेला दुरुस्तीच्या पलीकडे गेला असेल, तर नवा घ्यावाच लागेल. ज्याचे बहुतेक काम विंडोजवर अवलंबून आहे, त्याने विंडोजच घ्यावी. त्यात कमीपणा नाही. मात्र नवा घेतानाही काही कसोट्या लावून पाहाव्यात.

पहिली कसोटी भाषेची. दुकानातच यंत्र चालू करून ‘ताऱ्यांच्या प्रकाशात दऱ्याखोरी उजळली’ असे एखादे वाक्य लिहून पाहावे. ‘ऱ्या’ आणि ‘ळ’ ही अक्षरे नीट उमटली पाहिजेत. पूर्वी मराठीसाठी निरनिराळे फाँट असत. एका यंत्रावर लिहिलेला मजकूर दुसऱ्यावर नेला की अक्षरांचा नुसता गोंधळ होई. आता युनिकोड या जागतिक संकेतपद्धतीमुळे ती अडचण दूर झाली आहे. इन्स्क्रिप्ट नावाचा भारतीय भाषांचा कळफलक सर्व प्रमुख प्रणालींवर उपलब्ध आहे. त्यात स्वर डाव्या हाताला व व्यंजने उजव्या हाताला असतात. तो एकदा शिकला, की मराठीबरोबर हिंदी, गुजराती इत्यादी भाषांच्या लेखनाचीही वाट मोकळी होते.

दुसरी कसोटी स्थळाची. पालघर, बोईसर, तारापूर हा समुद्रकाठचा प्रदेश. येथील हवा दमट व खारट, आणि पावसाळा जोराचा. खिडकीजवळ किंवा ओल येणाऱ्या भिंतीशी संगणक ठेवू नये. विजांचा कडकडाट होत असता त्याची जोडणी काढून ठेवावी. मेजावरचा संगणक असेल तर यूपीएस घ्यावा, म्हणजे वीज गेल्यावर काम साठवून यंत्र रीतसर बंद करण्यापुरता वेळ मिळतो. मांडीवरच्या संगणकात बॅटरी असते, म्हणून ही चिंता कमी. परंतु त्याचे सुटे भाग बदलणे पुष्कळदा कठीण असते.

तिसरी कसोटी दुरुस्तीची. स्मृती व साठवण पुढे वाढविता येते काय? बिघाड झाल्यास तो जवळपास दुरुस्त होतो, की प्रत्येक वेळी मुंबई गाठावी लागते? शेजारीपाजारी ती प्रणाली जाणणारा कोणी आहे काय? दुकानातून घरी आल्यावर हेच प्रश्न जन्मभर सोबत करतात.

चौथी कसोटी निरोपाची. जुना संगणक कचऱ्यात टाकू नये. त्यात शिसे व अन्य विषारी द्रव्ये असू शकतात आणि ती माती व पाणी दूषित करतात. अशा वस्तू अधिकृत पुनर्चक्रण केंद्रांकडेच गेल्या पाहिजेत, असे आपल्या देशाचा नियम सांगतो. देण्यापूर्वी आतील खाजगी माहिती पूर्णपणे पुसावी. परंतु त्याहूनही बरे म्हणजे, तो कोणाच्या उपयोगी पडेल काय, हे आधी पाहावे. एका घरात मंद झालेले यंत्र दुरुस्त होऊन दुसऱ्या घरातील मुलाचे पहिले यंत्र होऊ शकते.

ज्याला आपले काम ठाऊक आहे, तोच योग्य साधन निवडू शकतो. सुताराला कोणता रंधा हवा, हे त्याच्या हातातील लाकूड सांगते; दुकानातील जाहिरात सांगत नाही. संगणकाचेही तसेच आहे. आपली गरज ओळखावी, पुढील वर्षांचा विचार करावा, यंत्र चालवून पाहावे आणि मग निर्णय घ्यावा. अशा विचाराअंती कधी नवा संगणक घरात येईल, तर कधी जुनाच नव्या उमेदीने कामास लागेल. दोन्ही वेळी निवड आपली असेल. आणि आपण निवडलेल्या वस्तूची आपण अधिक काळजीने निगा राखतो.

अभ्यास

१. ‘मेज’ आणि ‘कपाट’ हे शब्द पाठात संगणकाच्या कोणत्या अंगांसाठी योजले आहेत? ते का योग्य वाटतात?

२. कार्यप्रणालीचे कार्य स्पष्ट करण्यासाठी बोईसर स्थानकाचे उदाहरण कसे उपयोगी पडते, ते आपल्या शब्दांत लिहा.

३. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या आणि तिसरी व चौथी अणुभट्टी यांत इंधनाच्या दृष्टीने कोणता फरक आहे? त्यावरून संगणक घेणाऱ्याने काय शिकावे?

४. ‘परावलंबनाची जशी किंमत असते, तशी स्वावलंबनाचीही असते.’ पाठातील कुटुंबाने ही किंमत कशी मोजली?

५. आई, वडील, आजोबा व मुलगी यांच्या गरजांचा तक्ता तयार करा. तसाच तक्ता आपल्या घरासाठी करून वडीलधाऱ्यांशी चर्चा करा.

६. ‘रुसणे’ हा शब्द पाठात निर्जीव वस्तूसाठी योजला आहे. असे आणखी तीन शब्द शोधून त्यांचा वाक्यांत उपयोग करा.